उंबरठा नसलेलं घर

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आणि एखाद्या ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक, ही दोन्ही एका बैठकीत वाचून पाहा. दोन्हींचा प्रश्न एकच आहे: काम संपल्यावर माणसानं राहायचं कुठं? उत्तरं मात्र एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आलं. आप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होतात, जवळ आहे ते मुलामुलीला वाटून टाकतात, मग त्यांच्याच दारात पाहुणे होऊन राहतात आणि शेवटी रस्त्यावर येतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींना घर आहे, पण मुलं दूर आहेत. घर असूनही ते रिकामंच. दोन्ही नाटकं मोठी आहेत, आणि दोन्हींनी आपल्याला एकच सवय लावली: म्हातारपण म्हणजे मुलांची परीक्षा. मुलं पास झाली की सुख, नापास झाली की शोकांतिका. म्हातारी माणसं आपलं आपण काही ठरवू शकतात, ही शक्यताच या परंपरेत फारशी दिसत नाही. आप्पासाहेब एकच मोठा निर्णय घेतात, तो म्हणजे सगळं देऊन टाकण्याचा.

म्हणून मला माहितीपत्रकाची भाषा आधी चक्क आवडते. पुण्यात परांजपे स्कीम्सनं ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलांचं नावच ‘अथश्री’. पोथीच्या सुरुवातीला लिहायचा शब्द त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धाला लावला. ‘वृद्धाश्रम’ या शब्दात कुणीतरी आणून सोडल्याचा वास येतो, तो इथं नाही. इथं माणूस स्वतः घर बघायला येतो, दोन-तीन ठिकाणं तोलतो, विकत घेतो. नेरळला डिग्निटी फाउंडेशननं उभारलेली वसाहतही याच विचाराची: सोबत हवी, पण उपकार नकोत.

मात्र हे लेखन वाचताना समीक्षकाची जुनी युक्ती वापरायची. काय लिहिलंय त्यापेक्षा काय गाळलंय ते बघायचं. फोटोंतली सगळी माणसं चालती-फिरती असतात. दोघांतलं एक गेल्यावर मागं उरलेल्यानं त्याच घरात राहायचं का? अंथरुणाला खिळलं तर कोण बघणार, आणि त्याचे पैसे वेगळे का? मासिक देखभाल खर्च दरवर्षी किती वाढणार? विसरायला होऊ लागलं तर? ‘स्वतंत्र’ राहण्याची जाहिरात स्वातंत्र्य संपतं तिथंच गप्प होते. आईबापांसाठी फोनवर अशी ठिकाणं शोधणारे उद्या तुम्हीच असाल. तेव्हा बागेचे फोटो भराभर सरकवा आणि या चार प्रश्नांची उत्तरं लेखी मागा.

या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक गद्य मला सरकारी कागदात सापडलं. 2024 साली महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली आणली. दार निदान 900 मिलिमीटर रुंद हवं. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. यात एकही विशेषण नाही, पण प्रत्येक ओळीमागं पडलेलं, अडकलेलं, धडपडलेलं शरीर दिसतं. ‘चाकाची खुर्ची’ हा शब्द जाहिरात टाळते, नियम टाळत नाही.

आता हाच कागद घेऊन लिंबागणेशला या. बीड तालुक्यातलं, भालचंद्र गणपतीचं गाव. इथल्या जुन्या घराला उंबरठा असतो, तो पुजलाही जातो, आणि गुडघे गेलेल्या म्हातारीला तोच ओलांडवत नाही. पण अडचण उंबरठ्यापुरती नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून नवरा-बायकोचा ‘कोयता’ उचल घेऊन ऊसतोडीला जातो, तो उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. मागं गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. चार-सहा महिने अशा वाड्या-वस्त्या म्हणजे कुणीही न आखलेली ज्येष्ठांची वसाहतच असते. फरक एवढाच, की इथल्या ज्येष्ठांना सांभाळायला कुणी नाही, उलट तेच सांभाळतात. चूल, जनावरं, पाणी, पोरांची शाळा, सगळं त्यांच्यावर.

शासनाच्या श्रावणबाळ योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तेही वय 65 आणि वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल तर. 2007च्या कायद्यानं आईबाप मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. पण ज्याची स्वतःचीच उचल फिटत नाही, त्या पोराविरुद्ध कोणती आई अर्ज करील? इथं पोरगं नापास झालेलं नाही. ते फडात आहे. ‘नटसम्राट’ची चौकट इथं तुटते, आणि माहितीपत्रकाचीही. कारण या म्हातारीला मुलानं टाकलेलं नाही, आणि तिनं एकटं राहणं निवडलेलंही नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’नं या चौकटीबाहेर एक पाऊल टाकलं. स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित हत्तीमागं चालत जातात आणि माहुताच्या बिऱ्हाडात पोहोचतात. ती गरीब बाई त्यांना लेकरासारखं सांभाळते. सिनेमा सुंदर आहे, तरी एक खुपतं. पंडिताला सांभाळणाऱ्या या बाईच्या म्हातारपणाचं काय, हे आपण विचारत नाही. गरीब माणूस आपल्या कथांत सेवा करायला येतो, म्हातारा व्हायला येत नाही.

मला पुढचं मराठी नाटक तिच्यावर हवंय. त्यात तिची दया नको, हिशेब हवा: औषधाला किती लागतात, रात्री छातीत दुखलं तर गाडी कोणाची, नातवाच्या फीसाठी कुणाकडं हात पसरायचा. पुण्यातला ग्राहक विचारतो तेच प्रश्न तिलाही पडतात. त्याला निदान विचारायला एक कार्यालय आहे. तिनं कुणाला विचारायचं, हे आपल्या साहित्यानं अजून लिहायचंय.