धरणगावचे कल्पित पंचांग : एलकुंचवारांच्या नाट्यत्रयीतील तिथी आणि ऋतू

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (1985), 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' या नाट्यत्रयीची चर्चा प्रामुख्याने सरंजामी कुटुंबाच्या ऱ्हासाच्या अंगाने होते. धरणगाव या कल्पित गावातील कालगणना मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः या ऱ्हासाचे मर्म तिच्यातच आहे.

पंचांग हीदेखील एक रचनाच होय. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असते. ही तूट साधारणतः 32 ते 33 महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाने भरून काढली जाते. म्हणूनच श्रावण अमावास्येचा पोळा पावसाळ्यातच पडतो आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा व काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. पेरणीसाठी मात्र शेतकरी सूर्यगतीवरील मृग नक्षत्र पाहतो. तिथी सणाची, नक्षत्र पेरणीचे, अशा दोन गणनांवर विदर्भातील कृषिजीवन चालत आले आहे.

'वाडा चिरेबंदी'तील काळ यांपैकी कोणत्याच गणनेला बांधलेला नाही. तात्याजींच्या मृत्यूपासून तेराव्यापर्यंतचे दिवस, हेच त्याचे पंचांग. सुतकात सणवार वर्ज्य असतात. त्यामुळे देशपांडे कुटुंबाचा काळ सामाजिक काळापासून आपोआपच तुटतो. येथे दिवस मोजले जातात ते खर्चाच्या चिंतेने. गावजेवण घालायचे, तर पैसा कोठून आणायचा? अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर या संदर्भात विशेष बोलका ठरतो. ज्या वाड्याचे बैलांशी नाते संपले आणि यंत्राशी जुळले नाही, त्याला पोळाही परका आणि मृगही. (शेत कसणाऱ्याचे पंचांग वाड्याच्या उंबरठ्याबाहेरच राहते, ही या त्रयीची मर्यादाही म्हणावी लागेल.)

दहा-दहा वर्षांच्या अंतराने पुढे सरकणारी ही त्रयी 'युगान्त'मध्ये प्रदीर्घ अवर्षणापाशी येऊन ठेपते. विदर्भाच्या प्रत्यक्ष पर्जन्यमानाशी हे अवर्षण ताडून पाहणे गैर ठरेल. अधिक मास घालून ऋतू व तिथी यांचा मेळ बसवण्याची सोय ज्या पंचांगात आहे, त्याच्या नेमके उलट हे पंचांग आहे : येथे वर्षे सरतात, ऋतू मात्र परतत नाही. पराग आणि अभय यांच्या संभाषणाला जो विलक्षण संथपणा येतो, तो यामुळेच. 1994 साली तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांनी सादर केला. सुमारे नऊ तासांच्या त्या अवधीत तेरा दिवसांची काटेकोर मोजणी विरत विरत अमर्याद उन्हाळ्यात कशी मिसळते, हे प्रेक्षकाला देहानेच अनुभवावे लागले. सुटी नाटके वाचणाऱ्याच्या हाती ते सहसा लागत नाही.