राणीच्या बागेचा जीर्णोद्धार

राणीची बाग म्हणजे पिंजरे, अशी आमच्या रिसोडकडची समजूत. मला मात्र भायखळ्याची ही १८६२ सालची बाग झाडांसाठीच प्रिय. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार मोठ्या रसिकतेने झाला. २००५ साली युनेस्कोनेही तो गौरविला. त्याच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ साली उचलताना फुटला, तो १९१४ साली पुन्हा सांधला. दगड सांधता येतो हो! पण खुद्द बागेच्या नूतनीकरणाचा सारा रोख जनावरांवर. २०१६ साली पेंग्विन आले, पुढे रांगा लागल्या. ही दृष्टी मला कोती वाटते. जुनी गोरखचिंच कोसळली, तर तिला कोण सांधणार? तिच्या मुळांवर फरशी तेवढी घालू नका, एवढेच माझे मागणे आहे.