कालव्यावरचं छप्पर

फिरस्तीच्या छोट्या ट्रेलरच्या टपावर सोलर बसवायचं म्हणणाऱ्याला मी आधी वडोदऱ्याचा कालवा बघून यायला सांगतो. दोन्हींच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण अडचण एकच. पॅनेल मांडायला वेगळी जमीन नाही, जागा आहे तेवढीच, आणि ज्याच्या डोक्यावर ओझं चढवायचं त्याचं मूळ काम अडता कामा नये. ट्रेलरला धावायचं असतं, कालव्याला वाहायचं असतं.

नर्मदेच्या वडोदरा शाखा कालव्यावर साडेतीन किलोमीटरहून अधिक लांब पसरलेला हा सौर प्रकल्प १० मेगावॉटचा. पॅनेल ३३ हजारांच्या वर. ११ जानेवारी २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्याआधी २०१२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासणला ७५० मीटर कालव्यावर १ मेगावॉटचा प्रयोग झाला होता. जमिनीवर १० मेगावॉट उभारायचे तर ढोबळमानाने चाळीस-पन्नास एकर लागतात. इथं शेताचा तुकडाही न घेता वीज निघते, एवढ्यावरच बहुतेकांचं कौतुक थांबतं.

मला मात्र या कामाचा खरा देखणेपणा काचेखालच्या लोखंडात दिसतो. या काठापासून त्या काठापर्यंत कैच्या टाकलेल्या आहेत आणि सगळा भार काठांनी पेललाय. पण नुसता भार पेलणं हे यातलं सोपं काम. पॅनेल म्हणजे आडवं धरलेलं शीड. वाऱ्याला त्याच्याखाली शिरता आलं की तो दाबत नाही, उचलतो. म्हणून सांगाड्याला खालून आधार देऊन भागत नाही, त्याला खाली जखडूनही ठेवावं लागतं. वळवाच्या वादळात कसोटी लागते ती या जखडण्याची. ट्रेलरच्या नशिबी हे वादळ रोजचंच, कारण ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी आपला वारा आपणच तयार करते.

मग पॅनेल टपाला चिकटवूनच का टाकू नये? कारण उष्णता. स्फटिक सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के ताकद घटते. वडोदऱ्याच्या मे महिन्यात काच ६५ अंशांवर गेली, तर सोळा टक्के वीज तिथंच गळाली. म्हणून खाली हवा खेळायला फट हवीच, आणि त्याच फटीतून वारा शिरणार. या दोन गरजांतला तोल ज्याला साधला, त्याचं काम मला सुंदर वाटतं. कालव्यावर हा तोल पाण्याच्या बाजूने थोडा झुकतो, कारण खालचा गारवा फुकटचा मिळतो. परतफेड म्हणून पॅनेल पाण्यावर सावली धरतात. चंद्रासणच्या तेवढ्याशा तुकड्यावर वर्षाला ९० लाख लिटर पाणी वाफ होण्यापासून वाचेल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. एकाची सावली, दुसऱ्याचा गारवा! या देवाणघेवाणीवर माझा फार जीव आहे.

पॅनेलला स्वतःवरची सावली मात्र अजिबात सोसत नाही. त्यातले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर पान पडलं तरी सगळ्या माळेचा प्रवाह आखडतो. बायपास डायोड तेवढा भाग वगळून वाट काढतो, पण त्या भागाची वीज जाते ती जातेच. ट्रेलरच्या टपावर हवेची खिडकी असते, कुणी एसीचा डबा बसवलेला असतो. त्यांची सावली सकाळ-संध्याकाळ कुठवर पोचते हे आधी खडूने आखून घ्यावं, भोकं त्यानंतर पाडावीत. आणि प्रत्येक बोल्टभोवती सीलंट हात सैल सोडून भरावं, कारण पाऊस नेमका तिथूनच आत उतरतो.

उणंही सांगितलं पाहिजे. एवढं लोखंड घातल्यावर जमिनीवरच्या प्रकल्पापेक्षा खर्च चढतो. शिवाय कालव्यात गाळ साचतो, तो काढायला यंत्र आणायचं तर डोक्यावर छप्पर. काठाने माणसाला आणि यंत्राला वाट ठेवावी लागते, आणि ती आराखड्यातच ठेवलेली बरी. ट्रेलरवरही पॅनेल असे बसवावेत की चार नट सैल करून एक बाजू उचलता येईल. खाली धूळ साचते, केबल घासतात, आणि तिथं आज ना उद्या हात घालावाच लागतो.