रझांचा बिंदू आणि विज्ञानाचा तास

चित्रकार सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचा 'बिंदू' दाखवून 'हाच तो महास्फोट. आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता' असे सांगितलेले आम्ही एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. सांगणारे बहुधा विज्ञानाचेच शिक्षक होते, म्हणून हा लेख.

रझांचे बालपण मध्य प्रदेशातील मंडला भागात गेले. वडील वनखात्यात. शाळेत चित्त ठरेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत राहायला सांगितले, ही हकिगत रझा पुढे आवडीने सांगत. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते १९५०मध्ये फ्रान्सला गेले, ते २०१०मध्ये परतले. तो ठिपका चित्रात मध्यवर्ती झाला तो पन्नाशीनंतर: काळे वर्तुळ, भोवती वलये, त्रिकोण, पंचमहाभूतांचे रंग.

आता महास्फोट. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतितप्त, अतिदाट अवस्थेतून प्रसरण पावू लागले. पण रिकाम्या जागेतल्या एका ठिपक्यापासून नव्हे. प्रसरण सर्वत्र झाले, त्याला मध्य नाही. रझांच्या कॅनव्हासला मात्र ठळक मध्य आहे, किंबहुना तोच चित्राचा प्राण आहे. त्याला महास्फोटाची आकृती म्हटले की विज्ञान चुकते आणि चित्रही हातचे जाते. पंचमहाभूतांपुढे ११८ मूलद्रव्यांची यादी धरून हसणेही तितकेच गैरलागू.

रझा काळ्याला सर्व रंगांची जननी मानत. न्यूटनची तबकडी फिरवून पांढरा रंग दाखवणाऱ्यांना हे उफराटे वाटेल. पण तबकडीवर प्रकाश मिसळतात, पॅलेटवर रंगद्रव्ये. प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषते, त्यामुळे मिश्रण काळपट होत जाते. सगळे रंग काळ्याकडे जातात. रझा तीच वाट उलट चालतात. हे शास्त्र नव्हे, पण रंगात हात बुडवलेल्या माणसाचे निरीक्षण आहे.

आमची तक्रार वेगळीच आहे. अंकुरणावरील त्यांची चित्रे फार नेटकी वाटतात. खरे बीज असे सममित उघडत नाही. मोड आधी खाली वळतो, कोंब वाकडा होऊन माती फोडतो. उत्तरकाळात तेच त्रिकोण, तीच वलये इतकी येतात की चित्राची आकृती होते. १९७२च्या 'तपोवन'मध्ये अंधारातून लाल-केशरी ठिणग्या उसळतात, तिथे मंडल्याचे रात्रीचे जंगल भीतीसकट आहे. आमच्या मते ते चित्र अधिक श्रेष्ठ.

वर्गात बिंदू दाखवायचाच, तर त्या गुरुजींसारखा दाखवावा. काळ्या वर्तुळावर अर्धा मिनिट नजर खिळवावी, मग पांढऱ्या भिंतीकडे पाहावे. तिथे उजळ ठिपका दिसेल. दृष्टिपटलाचा जो भाग काळ्यासमोर होता तो भोवतालच्या भागाइतका थकलेला नसतो, म्हणून त्याला भिंत अधिक उजळ भासते. ठिपका किती वेळ टिकला, हे मुलांनी मोजून वहीत लिहावे.