श्यामची आई आणि आमची वसुली

मोहोपाड्याच्या शाखेत वसुलीच्या नोटिसा काढण्याचे काम माझ्याकडे आहे. अशा माणसाने चव्वेचाळिसाव्या वर्षी 'श्यामची आई' पुन्हा वाचू नये. शाळेत रडलो ते आई गेली म्हणून. आता रडलो ते सावकाराचा माणूस दारात येतो तिथे!

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. (आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर सही व्हायला याहून जास्त लागतात.) त्यातली आई म्हणजे त्यांच्याच आई, पालगडच्या यशोदाबाई. त्या १९१७ साली वारल्या. पुढे १९५३ साली अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि श्यामची आई म्हटले की रुमाल काढायचा, अशी रीतच पडून गेली.

गुरुजींची भाषा कुठे कुठे फारच पाझरते, हे कबूल. पण बाई मुळीच रडूबाई नाहीत हो! पोहायला घाबरून दडलेल्या पोराला झोडपून विहिरीवर धाडणारी ही आई. वसुलीवाला अद्वातद्वा बोलतो, तेव्हा त्यालाही ती सुनावते. खोताचे घर, पण बुडालेले. मला तिथे श्याम दिसेना, तो वसुलीवालाच दिसू लागला. चेहरा ओळखीचा वाटला.

सोमवारी एका नोटिशीत 'तात्काळ'च्या आधी 'कृपया' घातले. साहेबांनी खोडले.