रासायनिक समीकरणांचे संतुलन : गणिती अचूकता आणि रासायनिक सत्यता

बीजशब्द : रासायनिक समीकरण, संतुलन, सहगुणक, रेणुसूत्र, विज्ञान-अध्यापन

प्रस्तावना

शालेय रसायनशास्त्रात ‘पुढील समीकरण संतुलित करा’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. डाव्या बाजूचे अणू मोजावेत, उजव्या बाजूचे मोजावेत, कमी पडेल तेथे सहगुणक घालावा आणि दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला की उत्तर पूर्ण झाले असे मानावे, अशी त्याची रूढ रीत आहे. ही रीत चुकीची नाही. वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाचे ते लेखी पालनच आहे. प्रश्न एवढाच, की हिशेब जुळला म्हणजे समीकरण खरे ठरले काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने समीकरण-अध्यापनाच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा केली आहे. संतुलन ही समीकरणाच्या सत्यतेची आवश्यक अट आहे, परंतु पुरेशी अट नव्हे, ही लेखाची मुख्य भूमिका होय.

१. ‘समीकरण’ ही संज्ञा

बीजगणितातील समीकरणाच्या दोन्ही बाजू मूल्याने समान असतात व त्यांची अदलाबदल करता येते. रासायनिक समीकरणात डावीकडचे पदार्थ आणि उजवीकडचे पदार्थ एक नसतात. तसे असते तर अभिक्रिया घडली असे म्हणताच आले नसते. चुनकळीवर पाणी टाकले की ती तापते, फुगते, फुटते आणि विरलेला चुना तयार होतो. ५६ ग्रॅम चुनकळी आणि १८ ग्रॅम पाणी यांपासून ७४ ग्रॅम विरलेला चुना मिळतो. येथे पदार्थ बदलले, गुणधर्म बदलले. समान राहिली ती प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या आणि एकूण वस्तुमान. लाव्हाझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात द्राक्षरसाच्या किण्वनाचे विवेचन करताना प्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे द्रव्य समान धरून बीजगणिती समीकरणाची कल्पना वापरली, तीही याच अर्थाने. समता कशाची, हे स्पष्ट न करता केवळ समता साधण्याचे तंत्र शिकविले, तर विद्यार्थी रसायनशास्त्राच्या तासाला अंकगणितच करीत राहतो.

२. सहगुणक आणि पादांक

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होते. दोन्ही वायूंचा एकेक रेणू घेऊन पाण्याचा एक रेणू लिहिला, तर उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो. विद्यार्थ्याला सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे पाण्याच्या सूत्रातील ऑक्सिजनला दोन हा पादांक जोडणे. तसे केल्यास हिशेब तंतोतंत जुळतो. मात्र उजवीकडे पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड येते. एक पिण्याचा पदार्थ, दुसरा विरंजनासाठी वापरला जाणारा. सहगुणक ‘किती’ हे सांगतो, पादांक ‘कोण’ हे सांगतो. पहिला बदलल्यास प्रमाण बदलते. दुसरा बदलल्यास पदार्थच बदलतो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात लोखंड व वाफ यांच्या अभिक्रियेद्वारे संतुलनाच्या पायऱ्या दाखविल्या आहेत. प्रत्येक सूत्राभोवती चौकट आखावी आणि चौकटीच्या आत काहीही बदलू नये, अशी सूचना तेथे आहे. ही सूचना अध्यापनदृष्ट्या उपयुक्त आहे. तथापि पदार्थांच्या भौतिक अवस्था मात्र संतुलन पूर्ण झाल्यानंतर, समीकरण अधिक माहितीपूर्ण करण्यासाठी म्हणून लिहिल्या जातात. या क्रमामुळे आकडे हा समीकरणाचा गाभा आणि पदार्थ ही त्याची पुरवणी, असा समज होण्याची शक्यता निर्माण होते. वस्तुतः तापलेले लोखंड आणि वाफ हे आधी, आकडे नंतर, असा क्रम हवा.

यारॉक यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक स्तरावरील १४ विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. समीकरणे यशस्वीपणे संतुलित करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याच समीकरणाशी सुसंगत असे रेणूंचे चित्र काढता आले नाही. हायड्रोजनचे तीन स्वतंत्र रेणू आणि एकमेकांस जोडलेले सहा अणू यांतील भेद त्यांना स्पष्ट नव्हता. अभ्यास लहान असला, तरी उत्तर बरोबर असूनही आकलन नसू शकते, हे त्यातून सिद्ध होते.

३. इतिहासाची साक्ष

संतुलित परंतु असत्य समीकरण ही केवळ विद्यार्थ्याची चूक नव्हे. खुद्द शास्त्राच्या इतिहासात तिला स्थान आहे. डाल्टन यांनी १८०८ च्या ग्रंथात पाण्याचा कण हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू मिळून बनतो असे मानले. या गृहीतकानुसार पाण्याचे समीकरण कोणत्याही सहगुणकाविना संतुलित होते. दोष दिसत नव्हता तो यामुळेच. परिणामी ऑक्सिजनचा अणुभार हायड्रोजनच्या १६ पट न ठरता ७ पट ठरला.

गे-ल्युसॅक यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार दोन घनफळे हायड्रोजन व एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळे वाफ मिळते. अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये त्याचा अर्थ लावला आणि ऑक्सिजनचा रेणू दुभंगतो हे सूचित केले. तरीही कानिझारो यांचा १८५८ चा निबंध आणि १८६० ची कार्ल्सरूह परिषद येईपर्यंत गोंधळ कायम राहिला. सुमारे अर्धशतक रसायनशास्त्रज्ञांना अडविणारी अडचण बेरजेची नव्हती; रेणुसूत्राची होती. आज ते सूत्र विद्यार्थ्याला तयार मिळते आणि त्यामागील प्रयोगाचा उल्लेखही अनेकदा होत नाही.

४. एक अभिक्रिया, दोन संतुलने

या मुद्द्याचे निर्णायक उदाहरण महाविद्यालयीन प्रयोगशाळेतच उपलब्ध आहे. आम्लधर्मी द्रावणात परमँगनेट व हायड्रोजन पेरॉक्साइड यांची अभिक्रिया होऊन मँगनीज आयन, ऑक्सिजन आणि पाणी तयार होते. परमँगनेटचे दोन आयन, पेरॉक्साइडचे पाच रेणू आणि हायड्रोजनचे सहा आयन घेतल्यास मँगनीजचे दोन आयन, ऑक्सिजनचे पाच व पाण्याचे आठ रेणू मिळतात. आता पेरॉक्साइडचा एकच रेणू घेऊन उजवीकडे ऑक्सिजनचे तीन आणि पाण्याचे चार रेणू लिहिले, तरीही सर्व अणू जुळतात, विद्युतप्रभारही जुळतो. अंकगणिताला दोन्ही समीकरणे सारखीच मान्य आहेत.

रसायनशास्त्राला मात्र पहिलेच मान्य आहे. परमँगनेटचा एक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो, पेरॉक्साइडचा एक रेणू दोन देतो आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन पेरॉक्साइडमधूनच येतो; म्हणून प्रमाण दोनास पाच असेच राहते. अनुमापनात दुसरे समीकरण गृहीत धरल्यास पेरॉक्साइडचे प्रमाण प्रत्यक्षाच्या एकपंचमांश येईल. ब्युरेटचे वाचन अचूक, आकडेमोड अचूक, आणि निष्कर्ष मात्र सर्वस्वी चुकीचा.

५. माध्यमांतराचा प्रश्न

महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीत सामान्यतः इंग्रजी माध्यमाकडे वळतो. या स्थित्यंतरात रासायनिक संज्ञा व सूत्रे तीच राहतात. त्यांच्याभोवतीची वाक्ये बदलतात. ज्याच्याकडे त्या सूत्रांमागील घटनेचे वर्णन मातृभाषेत पक्के आहे, तो नव्या भाषेत ते पुन्हा उभे करू शकतो. ज्याला केवळ आकडे जुळविणे शिकविले गेले, त्याच्या हाती सूत्रांपलीकडे काहीच उरत नाही. मग अवघड परिच्छेद टाळून समीकरणे पाठ करणे हाच त्याला एकमेव मार्ग दिसतो. ही त्याच्या बुद्धीची मर्यादा नसून अध्यापनातील उणीव आहे.

निष्कर्ष

संतुलनाचे कौशल्य गौण ठरवावे, असा प्रस्तुत विवेचनाचा आशय नाही. असंतुलित समीकरण निश्चितच सदोष असते. पण संतुलित समीकरण निर्दोष असेलच असे नाही. त्यामुळे प्रथम घटनेचे वाक्य, नंतर पदार्थांची नावे व अवस्था, नंतर सूत्रे आणि शेवटी सहगुणक, असा अध्यापनक्रम अधिक युक्त ठरतो. मूल्यमापनातही संतुलित परंतु चुकीचे समीकरण देऊन त्यातील दोष विचारता येईल, किंवा समीकरणाचे रेणुचित्र काढण्यास सांगता येईल. अशा प्रश्नांना अधिक वेळ लागतो, तपासणीही किचकट होते. परंतु विद्यार्थ्याला पदार्थ समजला की केवळ आकडे जुळले, हे त्यांशिवाय कळण्याचा मार्ग नाही.