ठराव २४२ मधील उपपदाचा वाद

इस्रायल व अरब राष्ट्रे यांच्यामधील संघर्षाचा इतिहास सामान्यतः युद्धे, सीमा व तह यांच्या आधारे लिहिला जातो. त्यातील एक प्रदीर्घ वाद मात्र व्याकरणाच्या कक्षेत येतो. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझापट्टी, पूर्व जेरुसलेमसह जॉर्डनचा पश्चिम तीर आणि गोलन पठार व्यापले. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांनी मांडलेला ठराव २४२ सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने संमत केला. सैन्य मागे घेण्यासंबंधीच्या त्यातील कलमाच्या इंग्रजी पाठात ‘टेरिटरीज’ या नामापूर्वी ‘द’ हे निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच पाठात ते आहे. इस्रायलच्या पक्षाने पहिल्या पाठावरून ‘काही प्रदेश’ असा अर्थ केला, तर अरब पक्षाने दुसऱ्यावरून ‘सर्व प्रदेश’ असा.

फ्रेंच पाठातील रूप संदिग्ध आहे, हा आक्षेप टिकत नाही. ‘पासून’ या अर्थाचे अव्यय व अनेकवचनी निश्चयवाचक उपपद यांचा संकोच होऊन ते रूप सिद्ध होते. अनिश्चयवाचक उपपद एरवी तसेच दिसत असले, तरी त्या अव्ययापुढे त्याचा लोप होतो. तेव्हा या स्थानी ते निश्चयवाचकच मानले पाहिजे.

इंग्रजी पाठाविषयीचा युक्तिवाद मात्र अधिक सदोष आहे. उपपदाचा अभाव म्हणजे ‘काही’ नव्हे. उपपद नसलेल्या मराठीतही हे सहज पटते. ‘ग्रंथालयातून नेलेली पुस्तके शनिवारपर्यंत परत करावीत’ या सूचनेत ‘सर्व’ हा शब्द नाही. तरीही निम्मीच पुस्तके परत करणाऱ्याने सूचना पाळली, असे कोणी म्हणणार नाही. उलट ‘अंगणात मुले खेळत आहेत’ या वाक्यात यच्चयावत मुले अभिप्रेत नसतात. व्याप्ती ठरते ती विधानाच्या प्रयोजनावरून व संदर्भावरून.

‘सर्व’ हा शब्द हेतुपुरस्सर टाळला गेला, हे खरे. तो स्पष्टपणे योजणारा लॅटिन अमेरिकी राष्ट्रांचा मसुदा जुलै १९६७ मध्ये आमसभेत दोनतृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला होता. परंतु ‘सर्व’ न म्हणणे आणि ‘काही’ म्हणणे या भिन्न क्रिया आहेत. भारताचे प्रतिनिधी गो. पार्थसारथी यांनी संपूर्ण माघार हाच आपणांस अभिप्रेत अर्थ असल्याचे परिषदेत सांगितले. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री अब्बा एबन यांनी केवळ संमत पाठच प्रमाण मानला. म्हणजे हे एकमत शब्दांवर झाले, अर्थावर नव्हे.

या मौनाची किंमत कोठे द्यावी लागली, हे सिनाईच्या उदाहरणावरून कळते. १९७९ च्या ईजिप्त-इस्रायल तहात ईजिप्त आणि पूर्वीचा ब्रिटिश-शासित पॅलेस्टाइन यांमधील सीमा नावानिशी नमूद झाली. तेथे उपपदाचा प्रश्नच उरला नाही. पुढे ताबा येथील वाद झाला तो सीमास्तंभांच्या जागेविषयी. तो १९८८ मध्ये लवादाने मिटवला. पश्चिम तीराला अशी सर्वमान्य सीमा नव्हती. १९४९ ची रेषा ही युद्धविरामाची रेषा होती. १९६७ मध्ये पश्चिम तीर, गाझा व पूर्व जेरुसलेम मिळून सुमारे दहा लाख माणसे राहत होती. त्यांचे भवितव्य न उच्चारलेल्या एका शब्दावर टांगले गेले.

तथापि पाठ अगदीच मूक नाही. युद्धाने प्रदेश संपादन करणे अग्राह्य होय, असे त्याची प्रस्तावनाच सांगते. हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९ जुलै २०२४ च्या सल्लादर्शक मतातही आधारभूत ठरले. उपपदाच्या अभावातून प्रदेश राखण्याचा अधिकार काढणारे वाचन या प्रस्तावनेशी विसंगत ठरते. सीमेत काही फेरफार व्हायचाच, तर तो उभयपक्षी संमतीनेच होऊ शकतो. मराठी अनुवादकाने ‘व्याप्त प्रदेशांतून’ एवढेच लिहावे. ‘काही’ किंवा ‘सर्व’ यांपैकी कोणताही शब्द पदरचा घालताच तो अनुवादक राहत नाही, पक्षकार होतो.